रॉम टाकू का, मॅडम?

गेल्या अंकात जुन्या फोनची बॅटरी बदलण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी-अधिक पत्रं एकच गोष्ट विचारतात: बॅटरी नवी झाली, फोन परत पळायला लागला, पण अ‍ॅपं म्हणतात 'तुमचं अँड्रॉइड जुनं आहे'. मग आतली सिस्टीमच बदलून टाकू का, म्हणजे दुसरी 'रॉम' (फोनमध्ये भरायची अख्खी सिस्टीम) टाकू का? माझी नोकरी तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये गेली. निवृत्तीनंतर विश्रामबागेतल्या घरी टेबलावर केबली, मल्टिमीटर आणि दुसऱ्यांचे मेलेले फोन असतात. त्यामुळे या विषयावर माझी मतं ठाम आहेत आणि ती सगळ्यांना रुचतील असं नाही. निवडक पत्रं घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत.

माझ्याकडे २०१७ साली घेतलेला रेडमी नोट ४ आहे, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी मेमरीचा. तुमचं वाचून बॅटरी बदलून घेतली. पुतण्या म्हणतो, काका, यात लिनिएज ओएस टाकू. शंका अशी की ती मेमरी कार्डावर टाकता येईल का, म्हणजे मूळची सिस्टीम जागच्या जागी राहील? आतल्या मेमरीत टाकली तर जागा किती खाईल? आणि माझ्या फोटोंचं काय होईल?
*एक निवृत्त शिक्षक, चिपळूण*

सर, पुतण्या योग्य बोलतोय. लिनिएज म्हणजे अँड्रॉइडचाच, स्वयंसेवकांनी बनवलेला अवतार. पण फोन त्याच्या ताब्यात देण्याआधी हे दोघांनी मिळून वाचा.

कार्डावर टाकता येणार नाही. बटण दाबलं की प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. तो आतल्या मेमरीतल्या ठरलेल्या जागी जाऊन बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) उचलतो, बूटलोडर कर्नेल (सिस्टीमचा गाभा) उचलतो, कर्नेल अँड्रॉइड सुरू करतो. मेमरी कार्ड या साखळीत येतच नाही. ते दिसायला लागतं तोवर अँड्रॉइड उभं राहिलेलं असतं. म्हणून नवी सिस्टीम आतच जाणार आणि जुनी पुसली जाणार. परत जुनी हवी झालीच, तर कंपनीची मूळ फाईल पुन्हा भरता येते.

जागेची भीती मात्र सोडा. आतली ६४ जीबीची चिप हा एक मोठा वाडा आहे असं धरा. तुम्ही राहता ती फक्त ओसरी आणि माजघर, त्याला फोन 'युजरडेटा' म्हणतो. बाकी खोल्यांना कुलपं आहेत: बूट, रिकव्हरी, सिस्टीम, मोडेम, पर्सिस्ट अशी कितीतरी. सिस्टीमची खोली फोन विकतानाच बांधलेली आहे, म्हणून तर ६४ जीबीच्या फोनमध्ये तुम्हाला कधीच ६४ दिसले नाहीत. लिनिएज त्याच खोलीत उतरते. तुमच्या वाट्याची जागा जवळजवळ तेवढीच राहते.

फोटो मात्र जाणार, सगळे. बूटलोडरचं कुलूप काढलं, म्हणजे परकी सिस्टीम चालवायला तो मोकळा (अनलॉक) केला, की फोन स्वतःहून युजरडेटा पुसतो, आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. नाहीतर चोराने फोन उचलला, अनलॉक केला, आपली सिस्टीम चढवली आणि तुमचे कागद वाचत बसला, असं झालं असतं. तेव्हा फोटो संगणकावर उतरवून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, आणि उतरवलेले फोटो संगणकावर खरंच उघडतात का तेही बघा. फोल्डर दिसला म्हणजे आतले फोटो धड आले असं समजू नका.

आता पुतण्यासाठी. 'रेडमी नोट ४' या नावाचे दोन वेगळे फोन आहेत. भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला त्यात स्नॅपड्रॅगन ६२५ आहे आणि त्याचं सांकेतिक नाव 'मिडो'. त्याआधी २०१६ मध्ये चीनमध्ये आला त्यात मीडियाटेकचा हेलिओ एक्स२० आहे, तो 'निकेल'. बाहेरून दोघे सख्खे भाऊ, आतून एकमेकांचे कोणी नाहीत. एकाची फाईल दुसऱ्यात भरली तर फोन मेला म्हणून समजा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून प्रोसेसर बघा. ऑक्टा-कोर दिसला तर मिडो, डेका-कोर दिसला तर तिथेच थांबा. डाउनलोड करताना फोनचं दुकानातलं नाव विसरून सांकेतिक नावानेच शोधायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. लिनिएजच्या विकीवर प्रत्येक फोनचं पान असतं. मिडोचं पान पूर्ण वाचल्याशिवाय केबल हातात घ्यायची नाही. अधिकृत आवृत्ती सध्या निघते आहे की थांबली आहे, तेही तिथेच कळेल.

मग अनलॉक. त्यासाठी रेडमी बनवणाऱ्या शाओमीचं खातं लागतं, विंडोजचा संगणक लागतो, आणि फोन खात्याला जोडताना वायफाय बंद ठेवून सिमच्या डेटावर राहावं लागतं. जोडल्यावर लगेच अनलॉक होत नाही. बहुतेकांना १६८ तास थांबायला सांगतात, म्हणजे आठवडा. या आठवड्यात उतावीळ होऊन ते 'जोडा' बटण परत दाबायचं नाही, नाहीतर घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. पैसे घेऊन 'आत्ता लगेच' अनलॉक करून देणारे भेटतील. त्यांना आपलं खातं आणि पासवर्ड देणाऱ्याला मी काही मदत करू शकत नाही.

आठवडा सरला की आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून फोन फास्टबूटमध्ये (संगणकाचे हुकूम ऐकायच्या अवस्थेत) न्यायचा. टोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या बाहुल्याची दुरुस्ती करताना दिसेल, तीच ती जागा. संगणक नव्या रायझन प्रोसेसरचा असेल आणि फोनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रेस एनी की टू शटडाउन' उमटलं, तर फोनमध्ये दोष शोधत बसू नका. तो यूएसबी ३ पोर्टचा आणि फास्टबूटचा जुना बेबनाव आहे. मध्ये साधा यूएसबी २ हब लावला की मिटतो. माझ्या ड्रॉवरमध्ये असा एक हब केवळ याच कामासाठी ठेवलेला आहे.

अनलॉकनंतर रिकव्हरी बदलायची, म्हणजे सिस्टीम भरायची-पुसायची ती छोटी वेगळी सोय. इथे बरेच जण अडखळतात. नवी रिकव्हरी भरल्यावर फोन नेहमीसारखा चालू होऊ दिला, तर कंपनीची सिस्टीम आपली जुनी रिकव्हरी गुपचूप परत बसवते. म्हणून भरल्याबरोबर आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर दाबून थेट रिकव्हरीतच जायचं. लिनिएजची स्वतःची रिकव्हरी आहे, पण पहिल्या वेळी मी टीडब्ल्यूआरपी ही दुसरी रिकव्हरी वापरायला सांगते, कारण तिच्यात बॅकअप घेता येतो. आणि एक बॅकअप असा आहे की तो न घेता पुढे जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला मी लॅबच्या बाहेर उभं केलं असतं: ईएफएस आणि पर्सिस्ट. ईएफएसमध्ये तुमच्या फोनचा आयएमईआय (१५ आकडी ओळखक्रमांक) आणि रेडिओची जुळणी असते, पर्सिस्टमध्ये सेन्सरची. प्रत्येक फोनची ही माहिती वेगळी. इंटरनेटवर कुठेच मिळत नाही, मित्राच्या फोनमधून आणून चालत नाही. दोन्ही फाईली मिळून फार मोठ्या नसतात. संगणकावर ठेवा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवरही.

त्यानंतरचं काम सरळ आहे. 'फॉरमॅट डेटा' करायचं (फोन तुमच्याकडून 'येस' हा शब्द टाइप करून घेतो), मग लिनिएजची फाईल साइडलोड करायची, म्हणजे संगणकावरून केबलने पाठवायची. संगणकाच्या पडद्यावर आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबला आणि खाली काहीतरी 'फेल्ड' असं दिसलं, की लोक घाबरून केबल उपटतात. उपटू नका! फोनच्या पडद्याकडे बघा. बहुतेक वेळा तिकडे काम नीट पूर्ण झालेलं असतं, संगणकाचा हिशेब तेवढा अर्धवट राहतो. प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलच्या अ‍ॅपांची फाईल याच बैठकीत, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी भरायची. एकदा सुरू होऊ दिला आणि नंतर भरली, तर क्रॅशवर क्रॅश होतात. फोन निम्म्याहून जास्त चार्ज असू दे. लॅपटॉपची बॅटरी धड असू दे, चिपळुणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल ते मी तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं करून काय मिळेल? कंपनीने हा फोन अँड्रॉइड ७ च्या पुढे नेलाच नाही. लिनिएजने तो पुष्कळ पुढे जातो, सुरक्षेचे पॅच येतात, जाहिराती जातात, आणि स्नॅपड्रॅगन ६२५ अजूनही वाचायला, ऐकायला, नकाशे बघायला पुरतो. माझा स्वतःचा मिडो स्वयंपाकघरात आकाशवाणी ऐकायला आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रेडिओ, प्रोसेसर यांच्यासाठी कारखान्यातून आलेले फर्मवेअरचे भाग जुनेच राहतात. लिनिएज त्यांना हात लावू शकत नाही. त्यामुळे फोन अगदी नव्यासारखा सुरक्षित झाला असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

जाईल काय? बँक आणि यूपीआयचा भरवसा. बूटलोडर उघडा असलेल्या फोनला ही अ‍ॅपं नाकारू शकतात. काही चालतात, काही नाही, आणि आज चाललेलं उद्याच्या अपडेटनंतर बंद पडतं. ते लपवायच्या युक्त्या आहेत, पुतण्याला ठाऊकही असतील. मी त्या करत नाही आणि शिकवत नाही. निवृत्तिवेतनाचा फोन आणि प्रयोगाचा फोन एक नसावा. जीवन प्रमाणचा दाखला, बँक, पैसे हे मूळ सिस्टीमच्या दुसऱ्या फोनवर ठेवा आणि मिडो खुशाल पुतण्याला द्या.

दुकानदाराने 'नवीन अँड्रॉइड टाकून देतो' म्हणून फोन ठेवून घेतला. परत दिला तेव्हा दिसायला छान होता, पण सिम घातलं तरी नेटवर्कच नाही. तो म्हणतो, दुसरा आयएमईआय मारून देतो, आठशे रुपये पडतील. द्यावेत का?
*एक वाचिका, इचलकरंजी*

अजिबात देऊ नका, ताई.

आधी डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. फोनच्या खोक्यावर किंवा बिलावर १५ आकडी क्रमांक छापलेला असेल, तो आणि पडद्यावरचा पडताळा. पडद्यावर शून्य किंवा रिकामी जागा आली, तर वर चिपळूणच्या सरांना सांगितलेली ईएफएसची खोली त्या गृहस्थांनी पुसली आहे. 'सगळं इरेज' अशी खूण करून फाईल भरली की हे होतं. त्याला पहिला प्रश्न हा विचारा की काम सुरू करण्याआधी बॅकअप घेतला होता का. घेतला असेल तर तो परत भरायला त्याला वेळही लागत नाही, आणि त्याचे पैसे मागायला त्याला तोंडही नाही.

बॅकअप नसेल तर खोकं आणि बिल घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा. तिथे बोर्ड बदलायला सांगतील, आणि खर्च फोनच्या किमतीच्या आसपास गेला तर फोन घरातल्या वायफायवर गाणी ऐकायला ठेवा. दुसऱ्याचा आयएमईआय 'मारून' घेणं मात्र नको. त्याबद्दल २०१७ पासून वेगळे नियम आहेत, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो क्रमांक कोणाच्या चोरीच्या फोनचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतील. दुकानदार तेव्हा 'मी यांना ओळखत नाही' म्हणेल.

पुढच्या वेळी जुना फोन विकत घेतानाही हा क्रमांक तपासायची सवय ठेवा. केवायएम लिहून, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की फोनची माहिती येते. सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरही बघता येतं.

काकू, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. पोको फोनवर कस्टम रॉम (कंपनीची नसलेली सिस्टीम) आहे. यूपीआय चालत नाही. बूटलोडर परत लॉक केला तर चालेल ना? लॉक दिसला की अ‍ॅपला काय कळणार?

लॉक केलास तर फोन सुरूच होणार नाही, बाळा. पडद्यावर 'द सिस्टीम हॅज बीन डिस्ट्रॉइड' अशी अक्षरं येतील आणि मग तू मला रात्री अकराला फोन करशील.

लॉक म्हणजे नुसती कडी नाही रे. लॉक असताना बूटलोडर पुढच्या प्रत्येक भागाची सही तपासतो, आणि त्याच्यापाशी ओळखीची सही एकच, कंपनीची. तुझ्या रॉमवर सही दुसऱ्याच कोणाची. उघडा असताना तो नुसता इशारा देऊन आत सोडतो. लॉक केल्यावर सोडणार नाही.

गूगलच्या पिक्सेल फोनांत वेगळी सोय आहे. तिथे तुम्ही आपली सहीची किल्ली बूटलोडरला शिकवू शकता आणि मग परत लॉक करू शकता. ग्राफीन ओएस ही सिस्टीम अशाच सुरक्षेच्या सोयींमुळे फक्त पिक्सेलवर निघते. तिथे सुरू होताना पिवळा इशारा दिसतो, म्हणजे 'सिस्टीम वेगळी आहे, पण सही जुळते'. नारिंगी दिसला तर बूटलोडर उघडा. तरीसुद्धा सगळी बँकेची अ‍ॅपं पिक्सेल-ग्राफीनवर चालतातच असं नाही, कारण काही अ‍ॅपं गूगलचं प्रमाणपत्र मागतात आणि ते दुसऱ्या सिस्टीमला मिळत नाही.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत: मूळ रॉम नीट भरून मग लॉक करणं, किंवा यूपीआयसाठी वेगळा साधा फोन. मूळ रॉम भरताना आधी होती त्यापेक्षा जुनी आवृत्ती उचलू नकोस. २०१८ पासून शाओमीच्या फोनांत (पोकोही तिचाच) मागे जाण्याला आडकाठी आहे. रेडमी नोट ५ प्रोवर ती आली तेव्हा जुनी फाईल भरणाऱ्यांचे फोन जागच्या जागी दगड झाले. आणि भरायच्या टूलमध्ये खाली 'क्लीन ऑल अँड लॉक' हा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो. तो निवडलेला राहिला, फाईल दुसऱ्या देशाच्या आवृत्तीची निघाली, की संपलं. आधी 'क्लीन ऑल' एवढंच कर, फोन सुरू झालेला बघ, आवृत्ती तुझ्याच देशाची आहे ना ते बघ, मगच लॉक.

मी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असते, आई सांगलीला. हौस म्हणून पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन घेतला आहे. मेमरी कार्डावरून पोस्टमार्केट ओएस ही लिनक्सची सिस्टीम छान चालते. आता ती आतल्या मेमरीत हलवायची आहे. पाऊल कसं टाकू?

वाचून आनंद झाला. एखाद्या पत्रात तरी चिपळूणच्या सरांच्या पहिल्या शंकेचं उत्तर 'हो, कार्डावरून चालतं' असं देता आलं. पाइनफोनचा ऑलविनर ए६४ हा प्रोसेसर सुरू होताना आधी कार्ड बघतो आणि तिथे काही नसलं तरच आतल्या मेमरीकडे वळतो. त्यामुळे हा फोन पार बिघडवणं जवळजवळ अशक्य. आत काहीही गोंधळ घातलात तरी कार्ड घातलं की उभा.

हलवायची सोपी रीत म्हणजे जंपड्राइव्ह. ही एक इवलीशी प्रतिमा (अख्खी सिस्टीम असलेली एक फाईल) आहे, दुसऱ्या एखाद्या रिकाम्या कार्डावर लिहायची, फोनमध्ये घालायची आणि फोन केबलने संगणकाला जोडायचा. फोनची आतली मेमरी संगणकावर पेन ड्राइव्हसारखी दिसायला लागते. मग पोस्टमार्केट ओएसची प्रतिमा थेट तिच्यावर लिहून टाकायची. तुमच्या फोनमध्ये टो-बूट हा बूटलोडर असेल तर वेगळं कार्डही नको. सुरू करताना आवाज वाढवायचं बटण धरून ठेवलं की निळा दिवा लागतो आणि हेच काम होतं.

काळजी एका ठिकाणी. संगणकावर 'डीडी' (डिस्कवर लिहिणारी आज्ञा) चालवताना नाव चुकलं तर फोन वाचतो आणि तुमच्या लॅपटॉपची डिस्क पुसली जाते. म्हणून आधी 'एलएसबीएलके' (जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून आकार बघा. पाइनफोनची आतली मेमरी १६ किंवा ३२ जीबीची असते, लॅपटॉपची त्याहून कितीतरी मोठी. फोनवरूनच लिहिणार असाल तर कार्ड 'एमएमसीबीएलके०' आणि आतली मेमरी 'एमएमसीबीएलके२' असते.

लिहून झालं की कार्ड काढा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण कार्ड आत राहतं, फोन पुन्हा कार्डावरूनच सुरू होतो, आणि माणसं 'आत काही लिहिलंच गेलं नाही' म्हणून सगळं परत करत बसतात. कार्डावरच्या तुमच्या फाईली आपोआप येणार नाहीत, त्या वेगळ्या आणा. वेग वाढलेला जाणवेल, विशेषतः अ‍ॅप उघडताना. सांगलीला आईशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायला मात्र दुसरा फोन जवळ ठेवा. पाइनफोनवर तुम्ही वेड्रॉइड (लिनक्सवर अँड्रॉइडची अ‍ॅपं चालवण्याची सोय) लावून खटपट करालच, पण आईला दर रविवारी तो प्रयोग नको.

अंगणवाडीसाठी मिळालेला सरकारी फोन फार अडकतो. पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये नोंद करता करता बंद पडतो. त्यात दुसरी सिस्टीम टाकली तर हलका होईल का?
*एक सेविका, जिल्हा रत्नागिरी*

ताई, टाकू नका. फोन तुमच्या नावावर आहे, मालकीचा नाही. बूटलोडर उघडला आणि काही बिघडलं तर भरपाई तुमच्याकडून मागतील. शिवाय कमी विकल्या गेलेल्या फोनांसाठी धड रॉम सहसा निघतच नाही. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी असे फोन परत केले होते. तो मार्ग मला या बाबतीत जास्त बरोबर वाटतो. फोन अडकतो याची लेखी नोंद तारखेसह पर्यवेक्षिकांकडे द्या आणि पोच घ्या. तोवर गाणी, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपचे आपोआप उतरणारे फोटो बंद करा आणि मेमरीत दोन-तीन जीबी मोकळी राहू द्या. मेमरी काठोकाठ भरली की कुठलाही फोन असाच वागतो.

कपाटात एचटीसी एचडी२ सापडला. मूळ विंडोज मोबाइलचा, पण कोणीतरी अँड्रॉइड टाकून दिलेलं. अजून पुढचं टाकता येईल?
*नागपूर*

वा! या फोनाचा मान मोठा आहे. २००९ साली आला तेव्हा विंडोज मोबाइल ६.५, एक गिगाहर्ट्झचा स्नॅपड्रॅगन आणि ४.३ इंची पडदा, जो तेव्हा अवाढव्य वाटायचा. २०१० मध्ये लोकांनी त्यावर अँड्रॉइड चालवलं ते कार्डावरून. आधी विंडोज सुरू व्हायचं, मग हारेट नावाचा प्रोग्रॅम त्याला मेमरीतून हाकलून लिनक्स सुरू करायचा. दर वेळी हाच खेळ. पुढे मॅगएलडीआर हा बूटलोडर आला आणि अँड्रॉइड थेट आतल्या नँड मेमरीत बसायला लागलं, विंडोजची मध्यस्थी संपली. याशिवाय विंडोज फोन ७, उबंटू (लिनक्सची एक सिस्टीम), २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ सुद्धा त्यावर चालवून दाखवलं गेलं.

म्हणजे पुढचं टाकता येईल. वापरता येणार नाही. रॅम ४४८ एमबी, आतली मेमरी ५१२ एमबी. ४जी नाही, म्हणून जिओचं सिम उपयोगाचं नाही. बाकीच्या कंपन्यांच्या २जीवर फक्त बोलणं होईल. बॅटरी मूळची असेल तर आधी काढून बघा, फुगली असेल तर चार्जरला लावू नका.

लिनिएज टाकली, गूगलचं काही घेतलं नाही. मराठी टाइप कसं करू?
*बेळगाव*

सेटिंगमध्ये भाषा मराठी करता येते, अँड्रॉइड ५ पासून ती सोय मूळातच आहे. सोबत येणाऱ्या कीबोर्डात मराठीची मांडणी जोडून घ्या. शब्द सुचवण्याची अपेक्षा ठेवू नका, ते यथातथाच. एफ-ड्रॉइड या फुकट अ‍ॅपांच्या भांडारातून हेलीबोर्ड हा कीबोर्ड घेतलात तर मांडणी आपल्या सोयीने बदलता येते. रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवायची सवय असेल तर मात्र आठवडाभर चिडचिड होईल, नंतर बोटं वळतात.

सॅमसंगमध्ये टाकून बघितलं आणि आवडलं नाही तर मूळचं परत टाकीन. चालेल ना?
*लातूर*

मूळचं परत बसेल, फोन मूळचा होणार नाही. सॅमसंगच्या आत नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा एक फ्यूज असतो. परकी सिस्टीम शिरली की तो जळतो आणि नंतर काहीही भरलं तरी जळलेलाच राहतो. त्यानंतर सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पैशांचं अ‍ॅप त्या फोनवर पुन्हा कधी चालत नाही. सिक्युअर फोल्डरमध्ये काही ठेवलं असेल तर ते आज बाहेर काढा आणि मग ठरवा.